अम्माच्या बोलीचं पुस्तक नाही

शुब्रा, कैरो
१२ फेब्रुवारी १९९८

प्रिय बंधू शाझली यास वडील भगिनी इनायात हिचा सप्रेम सलाम. आपण सर्व सहकुटुंब सुखरूप असाल अशी परमेश्वरचरणी प्रार्थना करून...

हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा त्याच्या पुढे सरकता येईना. तेव्हा सरळच लिहिते. तुझी मुलगी पोचली. सुखरूप आहे. आत्ता शेजारच्या खोलीत झोपली आहे आणि झोपेत अब्बांसारखी घोरते.

मंगळवारी दुपारी दार वाजलं. मला वाटलं, इस्त्रीवाला दिसूकी कपडे घेऊन आला. उघडलं तर पाठीवर हे एवढं ओझं घेतलेली उंच पोरगी, आणि कपाळावर अब्बांची ती उभी आठी. मला बघून म्हणाली, "आदरणीय महोदये, श्रीमती बखिता यांचे निवासस्थान हेच काय?" अगदी बातम्या देणाऱ्या बाईसारखी. पस्तीस वर्षं मी शाळेत मुलींना शुद्ध अरबी शिकवली, शाझली, पण माझ्या दारात उभं राहून इतकं शुद्ध आजवर कुणी बोललं नव्हतं. मी तिला मिठीच मारली.

अम्मानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मागून पुढून बघितलं आणि म्हणाली, "हिला तिकडं कोन जेवाय घालत न्हाई का?" दालिया मोठ्या अदबीनं उत्तरली, "क्षमस्व, आपले कथन मला उमगले नाही. कृपया पुनरुच्चार करावा." अम्मा घाबरून माझ्याकडे वळली. "काय म्हनती ही? कोन मेलं?"

तुला आठवत असेल, अम्माचं हे जुनंच आहे. ग्रंथातली अरबी तिनं ऐकली ती फक्त बातम्यांत आणि मयताला. त्यामुळे कुणी शुद्ध बोलायला लागलं की तिचा हात आधी छातीवर जातो. तुला पाठवायची पत्रं मी वाचून दाखवायचे तेव्हाही ती हेच विचारायची.

दालियानं तिकडे मिलानच्या विद्यापीठात दोन वर्षं अरबी केलं आहे, आता चार महिने इथे राहून चांगलं शिकायचं म्हणते. कुठली पुस्तकं घ्यावीत, कोण शिकवेल, बोली कुठून शिकावी, प्रश्नांची यादीच घेऊन आली आहे. तू तिला दोनच गोष्टी सांगितल्यास म्हणे. शिकायला जातेस तर नीट शीक, आणि तिकडचे निरोप इकडे, इकडचे तिकडे करू नकोस. तेवीस वर्षांत तुझा हट्ट तसूभरही कमी झालेला नाही. बरं, तिच्या हाती निरोप पाठवत नाही. टपालाला तू बंदी घातल्याचं तिनं सांगितलं नाही.

शिक्षणाची काळजी करू नकोस. सगळं मी हातात घेतलं आहे. तूर्त आजीला नातीचं कळत नाही आणि नातीला आजीचं. मधे बसून मी दोघींना समजावते. अम्मा काहीबाही विचारत असते, ऐंशीची झाली आहे. त्यातलं कामाचं तेवढं मी दालियाला सांगते.

मुलगी आली, फार बरं वाटलं. एवढंच कळवायचं होतं.

इनायात


शुब्रा
१५ मार्च १९९८

शाझली,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. तरी टपालवाला खाली दिसला की माझी पावलं जिन्याकडे वळतात, हे मान्य करते.

तुझ्या मुलीच्या अभ्यासाचा अहवाल देते. आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तिला जुन्या पुस्तकांच्या बाजारात नेलं. व्याकरणाचे चार खंड, तिसरी ते सहावीची पाठ्यपुस्तकं आणि अग्रलेखांची दोन वर्षांची कात्रणं घेतली. घरात रेडिओवर फक्त बातम्या लावायच्या असा नियम केला. तिनं आठवडाभर मुकाट्यानं सगळं वाचलं आणि मग खंड मिटून म्हणाली, "आत्या, माझी आजी अग्रलेख बोलत नाही."

मी तिला जे विद्यार्थिनींना सांगायचे तेच सांगितलं. बोली ही शिकायची गोष्ट नाही, ती अंगाला आपोआप लागते, घामासारखी. तिनं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या एका संस्थेत जाऊन, परदेशी लोकांना कैरोची बोली शिकवतात तिथे, नाव घालून आली. आठ दिवसांत तेही सोडलं. त्यांच्या पुस्तकात पहिले पाच धडे एक माणूस विमानतळावर हरवलेली बॅग शोधतो. "माझी बॅग हरवलेली नाही, आत्या. मला आजी शोधायची आहे."

आता ती खाली दिसूकीच्या दुकानात स्टुलावर जाऊन बसते. त्याच्याकडे दिवसभर रेडिओवर नाटकं चालतात. तो इस्त्री फिरवता फिरवता एकेक वाक्य बोलतो, ती मागोमाग म्हणते. पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, "बाई, तुमची भाची बोलायला लागली की मला इस्त्री बाजूला ठेवून ताठ उभं राहावंसं वाटतं. राष्ट्रगीत लागल्यासारखं!" पंधरा दिवसांत त्यानं तिला भाजीवाल्याशी घासाघीस करायला, टॅक्सीवाल्याला खडसवायला आणि तीन शिव्या शिकवल्या. तिसरी मी तिला विसरायला लावली आहे.

पण आपल्या घरची बोली कैरोची नाही, हे दिसूकीनंच तिला सांगितलं. "आमच्या गल्लीचं सगळं देतो, पोरी. तुझी आजी पार दक्षिणेतली, केनाकडची. ती रागावली की मला निम्मं कळत नाही आणि उरलेल्या निम्म्याची भीती वाटते. तो माल माझ्या दुकानात नाही."

मग दालियानं केनाकडच्या बोलीचं पुस्तक शोधायला सुरुवात केली. शहरभर हिंडली. एका विक्रेत्यानं तिला विचारलं, "ती लिहायची कुणी?" टीव्हीवर दुपारी गावाकडची एक मालिका लागते, ती बघू म्हणून तिनं अम्माला शेजारी बसवलं. नट मिशीला पीळ देत दोन वाक्यं बोलला आणि अम्मानं पायातली चप्पल काढली. "असं कोन बोलतं रं? ह्याला गावाची येस तरी ठावं हाय का?" दालियाला चप्पल समजली. बाकी मी समजावलं.

गेल्या आठवड्यापासून ती सकाळी अम्माबरोबर गच्चीवर जाते. उन्हात फुगायला ठेवतात त्या भाकरीसाठी अम्मा अजूनही पहाटे पीठ मळते, मातीच्या थाळ्यांवर गोळे मांडते आणि उन्हाबरोबर थाळ्या सरकवत बसते. दालियाकडे तळहाताएवढा टेपरेकॉर्डर आहे. तो पिठाच्या परातीशेजारी ठेवायचा, अम्मा जे बोलेल ते टिपायचं, आणि दुपारी वहीत उतरवायचं. वहीत तीन रकाने आहेत: पुस्तक, गल्ली, आजी. पहिला रकाना ती माझ्याकडून तपासून घेते. तिसऱ्याकडे मला बघू देत नाही.

मी तिला सांगितलं, सकाळचा वेळ व्याकरणाला चांगला, गच्चीवर ऊन लागतं. ती म्हणाली, ऊन तर हवंच ना, आत्या, भाकरीला.

तुला सांगायला हरकत नाही, मला हे गच्चीचं फारसं रुचलेलं नाही. अम्मा रोज तिला एकच गोष्ट विचारते. मी समोर असले तर दालियाला सांगते, आजी विचारते तू जेवलीस का. अम्मा ते विचारत नसते. काय विचारते ते आज नको.

अजून एक. काल दालियानं तुझ्या कपाटातलं एक पत्र काढून दाखवलं. ऑक्टोबर १९७५चं, माझ्या अक्षरातलं. घरातून निघताना पत्त्यासाठी ते बरोबर घेतलं म्हणे. "अरबीतलं मी शब्दकोशाशिवाय वाचलेलं पहिलं पत्र, आत्या. किती सुंदर भाषा!" मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग ती म्हणाली, "पण खाली आजीचं नाव आहे. आजी अशी बोलते?"

मी चहा करायला उठले.

इनायात


शुब्रा
३० मार्च १९९८

शाझली,

हे पत्र टपालानं येणार नाही. शेजारच्या इवॉनचा भाऊ परवा मिलानला निघालाय, त्याच्या हाती देते आहे. बरोबर कागदात गुंडाळलेली एक टेप आहे. आधी हे वाच, मग ती लाव. किंवा आधी ती लाव. तुझी मर्जी, माझ्या क्रमाला आता काही अर्थ उरलेला नाही.

गेल्याच्या गेल्या शनिवारी मी सुकलेले कपडे आणायला गच्चीवर गेले. दालिया थाळ्या सरकवत होती. अम्मा तिला रोजचंच विचारत होती आणि मी तिथे आहे हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. अम्मा म्हणाली, "खरं सांग पोरी, तुझ्या बापानं माजी टेप ऐकली का?"

तुझ्या मुलीला ते कळलं. सबंध वाक्य कळलं. आणि तिनं उत्तर दिलं तेही केनाच्या बोलीत, अडखळत, पण त्याच बोलीत: "कंची टेप, आज्जे?"

मग तिला मी दिसले. अम्मालाही दिसले. माझ्या हातात टोपली होती आणि ती मला खाली ठेवता येईना.

तुला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. तू तिकडे रोझेल्लाशी लग्न केल्याचं कळवलंस तेव्हा अम्मा दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं, म्हणाली, लिही. तिनं सांगितलं, "झालं ते झालं. आता बोलून काय करायचं. यावंसं वाटंल तवा ये, तुजंच घर हाय. आमचं बरं हाय, काळजी करू नगो." हे मी लिहिलं. तू वाचलंस ते असं: "घडून गेलेल्या गोष्टींविषयी अधिक बोलणे आता इष्ट नाही. आगमनाचा निर्णय सर्वस्वी आपला राहील. येथील सर्व क्षेम असून आमची चिंता नसावी."

मी एक शब्दही खोटा लिहिला नाही. त्या वेळी मला तसंच वाटलं होतं आणि पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला तेच सांगत राहिले. पत्र म्हटलं की शुद्ध लिहायचं, बोलतो तसं कोण लिहितं? माझ्या वर्गात बोलीतलं एक वाक्य कुणी लिहिलं तर मी वहीभर लाल शाई ओतायचे. मी अम्माची वाक्यं शुद्ध केली आणि त्यातून अम्मा धुऊन निघाली. पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "कोन मेलं?" आणि मी हसले.

तू आला नाहीस. अम्मानं महिना वाट पाहिली. तेव्हा आखातात गेलेल्या मुलांच्या आया टेप भरून पाठवायच्या, लिहिता येत नसलं तरी आवाज पोचायचा. अम्मानं मला न सांगता इवॉनकडे जाऊन टेप भरली. बकरी ईद जवळ आली होती. टेप माझ्या हातात देऊन म्हणाली, इटलीला जाणारा कुणी बघ आणि त्याच्या हाती पाठव. मी हो म्हटलं.

आणि घरी कुणी नसताना ऐकली.

वाक्य न वाक्य पाठ आहे मला. "शाझली, म्या बोलते, तुजी अम्मा. हितं लाल दिवा लागलाय, म्हंजी हे ऐकतंय म्हनं. लगीन केलंस, केलंस. दोन दिस रडले, तिसऱ्या दिशी पोटभर जेवले, झालं. आता ईदेला बायकूला घिऊन ये गुमान. फोटूत तिची हाडं दिसत्यात, म्या चढवते मांस. बदक करीन. बदक समद्यास्नी आवडतं. आन् तू आला न्हाईस तर म्या तितं यीन आन् त्या गोऱ्यांम्होरं तुजा कान पिळीन." असं अर्धा तास. मधे दोनदा रडते. एकदा शेजारणीला ओरडते, दूध उतू जातंय म्हणून.

आणि मग हे. "इनायातच्या पत्रावर जाऊ नगो बाबा. तिचं अक्षर लई झ्याक हाय, पन त्यातली आई म्या न्हवं. ती साळंतली बाई हाय."

हे ऐकून मी टेप बंद केली आणि ती ईदेच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालून कपाटात मागे सारली. अम्माला सांगितलं, पाठवली. स्वतःला सांगितलं, नव्या सुनेनं ऐकलं तर काय म्हणेल, आपल्या घराची लाज जाईल. ते खरं नव्हतं. मला लागलं होतं, शाझली. तू निघून गेलास, मी मागे राहिले, अम्माचं दुखलंखुपलं बघितलं, तिच्या नावानं तुला इतकी सुरेख पत्रं लिहिली, आणि ती म्हणते हिच्या पत्रातली आई मी नव्हे. आठ दिवसांनी राग गेला. पण तोवर ईद उलटून गेली होती, आणि आता उशीर का झाला हे सांगावं लागलं असतं. मग महिना झाला, मग वर्ष. दर ईदेला मी त्या डब्याकडे बघायचे आणि नवा डबा आणायचे.

मला आता कळतं की मी दालियाला व्याकरणाचे चार खंड का घेऊन दिले. तिला अम्माचं कळू लागलं की पहिल्या आठवड्यातच हे बाहेर येणार होतं. पस्तीस वर्षं शिकवलेल्या बाईनं पहिल्यांदाच, विद्यार्थिनीनं शिकू नये म्हणून पुस्तकं निवडली.

हे सगळं मी गच्चीवर उभ्यानं सांगितलं. अम्माकडे बघायची हिंमत नव्हती. ती एक थाळी धरून बसली होती. मग म्हणाली, "म्हंजी त्यानं ऐकलीच न्हाई?"

"नाही, अम्मा."

"तेवीस वरसं मला वाटतंय, पोरानं आईचं ऐकलं आन् तरी आला न्हाई. म्हटलं, कसला दगड पैदा केला म्या." आणि शाझली, ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पिठाचे हात वर, आणि हसते आहे. "ऐकलीच न्हाई! ऐकलीच न्हाई गं माज्या लेकरानं!" दालियाला धरून हलवत होती. मला वाटलं होतं ती मला हाकलून देईल. तिला माझी आठवणही पाच मिनिटांनी झाली. तेव्हा म्हणाली, "तुज्याशी नंतर बोलते. आधी भाकऱ्या सरकव, सावली आली."

अजून बोललेली नाही. तोपर्यंत माझ्या हातचं पाणी पीत नाही, स्वतः उठून घेते. मला ते चालतं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या कपाटाकडे न बघता त्या खोलीतून ये-जा करते आहे.

टेप दिसूकीच्या दुकानात लावली. फीत सैल पडली होती, पेन्सिल घालून त्यानं ती हळूहळू गुंडाळून घेतली, आणि इस्त्री बंद करून सगळी ऐकली. दालियाला ती उतरवायला चार दिवस लागले. अम्मा शेजारी बसून प्रत्येक वाक्य समजावत होती, आणि जिथे रडली होती तिथे म्हणाली, "हे लिवू नगो, उगं रडले." दालिया म्हणते तिनं इतक्या पुस्तकांचे पैसे घातले, आणि शिकण्याजोगी एकच वस्तू बिस्किटांच्या डब्यात होती. तिच्याकडे नक्कल आहे. मूळ तुझी आहे, ती तुला.

क्षमा मागायची शुद्ध रीत मला उत्तम येते, शाळेत शिकवत होते. ती इथे वापरत नाही. मी चुकले. अम्माबरोबरची तुझी तेवीस वर्षं माझ्यामुळे गेली.

इनायात


शुब्रा
२५ एप्रिल १९९८

शाझली,

तुझी टेप काल पोचली. इवॉनचा भाऊ विमानतळावरून थेट इथे आला, स्वतःच्या घरीही गेला नाही. म्हणाला, मिलानमध्ये तू त्याला दोनदा विचारलंस, हातातल्या बॅगेत ठेवशील ना, खाली सामानात टाकणार नाहीस ना.

अम्माला फोनवर ऐकू येत नाही हे दालियानं तुला कळवलं ते बरं झालं. टेपचा आवाज हवा तेवढा मोठा होतो. इतका मोठा केला की खालून दिसूकी वर आला, समोरच्या गच्चीवरची माणसं कठड्याशी आली. पहिली दोन मिनिटं तू काही बोलतच नाहीस. नुसता श्वास. इवॉन म्हणाली, टेप कोरी आहे. अम्मा तिच्यावर ओरडली, "गप! नाक वडतंय ते, ऐकू येत न्हाई? ल्हानपणापास्नं असंच वडतं."

मग तू बोललास. अम्मा सबंध वेळ मान हलवत होती. संपल्यावर म्हणाली, "जिभंला गंज चढलाय पोराच्या. निम्मं कैरोचं, निम्मं त्या तिकडचं. हितं आला की पंधरा दिसांत घासून काढते." आणि पुन्हा लावायला सांगितलं. रात्रीच्या जेवणापर्यंत पाच वेळा झाली. तू म्हणालास की त्या पत्रातलं "निर्णय सर्वस्वी आपला राहील" तुला इतकी वर्षं तोंडपाठ आहे, तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले. बाकी तिथूनच ऐकलं.

माझ्याबद्दल तू पहिल्या बाजूला म्हणालास की इनायातशी मी एक शब्द बोलणार नाही. बरोबर आहे. मी ऐकून घेतलं आणि भांडी घासत राहिले. टेप उलटली. दुसरी बाजू रोझेल्लाचं, तुझ्या दुकानाचं, गुडघ्याच्या दुखण्याचं. अगदी शेवटी, तुला वाटलं असेल फीत संपली, तेव्हा तू म्हणालास, "इनायात, जूनमध्ये विमानतळावर ये. तुला सगळ्यांसमोर शिव्या देणार आहे. केनाच्या. एकेक आठवून ठेवली आहे."

मी तेवढाच भाग नंतर एकटीनं पुन्हा लावला. किती वेळा ते विचारू नकोस. येईन मी विमानतळावर. चांगले साडेतीन तास आधी येऊन उभी राहीन.

अम्मानंही रात्री मला बोलावलं. म्हणाली, "पानी दे." मी दिलं. ती प्यायली. एवढंच बोलणं झालं आणि मला ते पुष्कळ झालं.

दालियाचं म्हणशील तर दिसूकी तिच्यावर रुसला आहे. ती आता त्याच्याशीही अम्मासारखं बोलते. "बाई, मिलानची पोरगी मी कैरोची करायला घेतली होती, तुमच्या म्हातारीनं केनाची करून पळवली!" भाजीवाला तिला विचारतो, गावाकडून कधी आलीस. ती ताठ मानेनं गावाचं नाव सांगते. माझे चार खंड तिनं उशाखाली घेतले आहेत, उंचीला बरे पडतात म्हणते.

इनायात


शुब्रा
१४ मे १९९८

अम्मानं सांगितलं, इनायातनं लिहिलं. दालिया पाहायला बसली आहे.

शाझली बाळा,

लिव, जसं बोलते तसं लिव. काय गं, लिवलंस का? त्येबी लिवलंस? बरं, ऱ्हाऊ दे.

तुजी टेप रोज ऐकते. आता फितीनं कुरकुर चालू केलीया, तवा लवकर ये. जूनमदी लई उन्हाळा असतो, सुनंला छत्री आनाया सांग. हितली पन हाय एक, पन तिला काडी न्हाई. बदकं दोन ठरवल्यात. मोठं बदक तुजं. सून म्हनं आपली भाषा शिकाया पुस्तक इचारते, दालियानं सांगितलं. तिला म्हनावं, पुस्तक आनू नगो. इनायातनं आनल्याली चार पोत्यांवानी पडल्यात घरात. पुस्तक नगं, म्या हाय. गच्चीवर बसंल माज्यासंगं, भाकरी सरकवंल, आपसूक येतंय. तुज्या पोरीला आलं का न्हाई? काल माज्याशीच भांडली, आन् एक शब्द चुकली न्हाई. लई बरं वाटलं.

इनायातला माफ केलं का म्हून इचारतोस. तुजं तू बग. म्या तिच्या हातचं पानी पिते. तिनं चूक केली पन ती हितं ऱ्हायली. तू चूक केली न्हाईस पन तू हितं न्हवतास. आता दोगंबी माज्याम्होरं बसा, मग म्या बगते कुणाचा कान आधी धरायचा.

थांब, त्येबी लिव. न्हाई, खोडू नगो. रडले तेबी लिव. पयल्या बारीला टेपमदी म्हनले रडल्यालं काडून टाका, आता ऱ्हाऊ दे. कळू दे त्येला.

गुडघ्याला तिळाचं तेल लाव. कोमट करून. आन् दगडा, वाट बगते.

अम्मा.

ती थांबल्यावर मी पत्र पहिल्यापासून वाचून दाखवलं. एकही शब्द सरळ केला नाही. हात दोनतीनदा शिवशिवला, दालियानं डोळे वटारले. वाचत असताना अम्माचा हात छातीवर गेला नाही. शेवटपर्यंत ऐकून तिनं मान हलवली आणि म्हणाली, "हां. ही म्याच."